हिल्डाचा खटला

आमच्या घरात सातवं शतक शिरलं ते ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या लायब्ररीतून, आणि त्याला जबाबदार मीच. मीच रमणला म्हटलं होतं, घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस, जा, लायब्ररीत जाऊन बस.

ही २००१ची गोष्ट. पुण्याहून नुकतेच आलो होतो. रमण इंजिनिअर, पुण्यात हाताखाली चौदा माणसं, आणि इथे त्याला कोणी दारात उभं करेना. अर्ज छान, मुलाखत छान, मुलाखतीतला चहासुद्धा छान. शेवटी प्रश्न एकच: न्यूझीलंडमधला कोणी रेफरन्स? म्हणजे इथला कुणीतरी, जो सांगेल की हा रमण सरळ माणूस आहे, याला मी ओळखतो. विमानातून उतरून तीन आठवडे झालेल्या माणसाने असा माणूस आणायचा कुठून? अख्ख्या देशात आम्हाला ओळखणारे दोघंच, घरमालक आणि त्याचं मांजर, आणि त्यातला घरमालक लिहून द्यायला तयार नव्हता. अकरा महिने असे गेले. रमण हसायचा थांबला होता. मला तेव्हा त्याची भीती वाटायची, खोटं कशाला सांगू.

त्या दिवसांत एकदा तो लायब्ररीतून जवळजवळ पळत घरी आला. हातात अँग्लो-सॅक्सन लोकांच्या रोजच्या जगण्यावरचं जाडजूड पुस्तक.

"मृदुला, हे ऐक. तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एखाद्यावर आरोप झाला ना, तर तो पुरावे वगैरे शोधत बसायचा नाही. तो शपथ घ्यायचा की मी हे केलं नाही. आणि त्याच्या मागे माणसं उभी राहायची. ती एवढंच म्हणायची, की याची शपथ स्वच्छ आहे. बस! सुटला!"

"म्हणजे रेफरन्सच की," मी म्हणाले.

"रेफरन्सच! पण बघ ना, कागद नाही, फोन नंबर नाही. माणूस स्वतः उठून उभा राहतो."

त्या दिवशी तो जेवताना हसला. मी मनात म्हटलं, सॅक्सन तर सॅक्सन, माझ्या घरात मुक्कामाला राहा बाबांनो.

पुढे नोकरी लागली, घर झालं, मला ओटाहुहुत एका केमिस्टकडे काम मिळालं. सॅक्सन मात्र मुक्काम हलवेनात. २००४ मध्ये रमणला त्यांचं अख्खं गावच सापडलं. ऑकलंडमधले तीसेक लोक, कुणी प्लंबर, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शाळेत लायब्ररियन, वर्षातून चार वेळा क्लिव्हडनच्या पुढच्या एका फार्मवर जमतात आणि तीन दिवस सॅक्सन खेडुतांसारखे राहतात. जाडेभरडे अंगरखे, चुलीवरचा स्वयंपाक, हातमागाचं कापड, कुडाच्या भिंती. फोन गाडीत बंद. बटाटा, टोमॅटो, मिरची वर्ज्य, कारण त्या काळी ती तिकडे नव्हती. मिरचीशिवाय तीन दिवस! पण गेले मी. नवऱ्यासाठी बाई काय काय करते.

गंमत म्हणजे मला ते लोक आवडले. त्यांच्यातला प्रमुख ट्रेव्हर, निवृत्त प्लंबर, आवाज असा की मेंढ्या माना वर करून बघत. त्याची बायको ग्लेनिस, मऊ स्वभावाची, बोलता बोलता डोळ्यांत पाणी. आणि गावचा कारभारी हेमी, हा माओरी इलेक्ट्रिशियन. त्याला मी विचारलं, तू यांच्यात कसा? तर म्हणाला, "हे लोक दोनशे वर्षं आमच्या चालीरीतींचा अभ्यास करतायत. म्हटलं, आता थोडा यांचा आपण करू." सॅक्सन कायद्याचं पुस्तक त्याला तोंडपाठ.

आता मुद्द्याचं. त्या गावात रमण दोन वर्षं होता, पण पाहुणा म्हणून. पुरता गावकरी व्हायचं तर ऑक्टोबरच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी सभा भरते, तिथे गावातल्या एकाने उठून म्हणावं लागतं, "या माणसासाठी मी जबाबदार." एवढंच वाक्य. पहिल्या ऑक्टोबरात कोणी उठलं नाही. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं, प्रत्येकाला वाटलं दुसरा उठेल. दुसऱ्या ऑक्टोबरातही तेच. परतताना अर्ध्या वाटेवर मानुरेवा येईपर्यंत रमण गाडीत एक शब्द बोलला नाही, आणि ती शांतता मी अकरा महिने ऐकलेली होती. म्हणून २००६ मध्ये, लेबर डेच्या लांब सुट्टीतल्या शिबिराच्या आधी, ट्रेव्हर स्वतः रमणच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यंदा मी उठणार, मेट. वहीत तुम्ही दोघं माझे पाहुणे म्हणून लिहिलेत," तेव्हा रमण आठवडाभर शीळ घालत फिरत होता. ऐन लक्ष्मीपूजन शनिवारी आलेलं, आणि आम्ही दिवाळी सोडून निघालो. आमचे स्नेही बाळासाहेब, त्यांची बायको शकुताई मला फोनवर म्हणाली, "सणासुदीला गोणपाट नेसून जंगलात जाताय? बरं आहे ना सगळं?"

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. शनिवारी सकाळी सगळं गाव कूड विणायला गेलं. चुलीची पाळी रमणची होती, तो पाणी आणायला ओढ्यावर गेला. चुलीपाशी मी एकटी. त्यात लक्ष्मीपूजनाचा दिवस, घरी असते तर आत्तापर्यंत अख्खं स्वयंपाकघर घासून काढलं असतं. हात नुसते शिवशिवत होते.

आणि कोपऱ्यात ते मडकं दिसलं.

वर मळकट फडकं. फडकं काढलं तर आत करड्या रंगाचा लगदा, त्यावर बुडबुडे, एक चिलट, आणि असा आंबूस भपकारा की मी दोन पावलं मागे झाले. म्हटलं, जुलैच्या शिबिरातली कुणाची तरी पेज राहिली असणार. काय हे लोक! पुण्याच्या बाईला असलं भांडं बघवत नाही, आणि तेही दिवाळीत. उचललं, झाडाच्या बुंध्याशी ओतलं, राख आणि ओढ्यातली वाळू घेऊन घासलं. साबण नाही वापरला, नियम म्हणजे नियम. चार पाण्यांनी धुतलं. काठाच्या खाचेत नख घालून साफ केलं. मग उन्हात उपडं घातलं, आणि आईची सवय, आत हवा लागावी म्हणून काठाखाली एक काडी सरकवली. मडकं असं लखलखत होतं की कुणीतरी शाबासकी द्यावी म्हणून मी तिथेच रेंगाळले.

शाबासकीऐवजी ट्रेव्हरची किंकाळी आली.

"हिल्डाऽऽ!"

सगळे धावले. मला वाटलं कोंबडी मेली. ट्रेव्हर गुडघ्यांवर बसून मडक्यात तोंड घालून हाका मारत होता, आणि ग्लेनिस हुंदके देत मला सांगत होती की हिल्डा म्हणजे त्यांचं पावाचं आंबवण. आपण विरजण ठेवतो ना, तसं हे कणकेचं. अकरा वर्षं जिवंत ठेवलेलं! रोज सकाळी ट्रेव्हर तिला मूठभर पीठ भरवायचा. एरवी ती त्याच्या तंबूत असायची, म्हणून मी कधी पाहिलीच नव्हती. गाडीतून नेताना सीटबेल्ट लावायचा. ट्रेव्हरची बायपास झाली तेव्हा शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, हिल्डाला भरवलं का? ग्लेनिस म्हणाली, "माझी चौकशी त्याने दुसऱ्या दिवशी केली." आणि गावातला प्रत्येक पाव अकरा वर्षं हिल्डाच्याच पोटचा.

मी सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ट्रेव्हर उठून गरजला, "ज्याने हे केलं त्याला या गावात जागा नाही! चुलीवर कोण होतं?"

"मी," रमण म्हणाला. पाण्याच्या बादल्या अजून त्याच्या हातात होत्या. "पण मी हे केलेलं नाही."

माझं उघडलेलं तोंड मिटलं. मी घाबरले. दोन वर्षं तो ज्या वाक्याची वाट बघत होता, ते ज्याच्या तोंडून येणार होतं त्याच माणसाचं लेकरू मी राखेने घासून टाकलं होतं. म्हटलं, सभा होऊ दे, वाक्य होऊ दे, मग सांगू. स्वतःची लाज वाटली, तरी गप्प राहिले.

तेवढ्यात हेमीने हळूच विचारलं, "ट्रेव्हर, तू आरोप करतोयस का?"

आणि मग, काय सांगू, सगळ्या गावाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला! आठ वर्षं हे लोक सभेत खोटे खटले चालवत होते. खोट्या डुकराने खोटं कुंपण मोडलं, खोट्या शेजाऱ्याने खोटा बांध सरकवला. आणि आज खरा गुन्हा! खरा आरोपी! सगळे दुःखी दिसायची शिकस्त करत होते आणि एकालाही जमत नव्हतं. एक बाई चांगला अंगरखा आणायला तंबूकडे पळाली. खुद्द ट्रेव्हरचे डोळे ओले होते, पण त्यानेही छाती फुगवली आणि म्हणाला, "करतो! रीतीप्रमाणे होऊ दे!"

हेमीने रीत सांगितली. सोमवारी दुपारी सभा. रमणने दोन वाक्यांची शपथ घ्यायची. एक, हे माझ्या हातून झालं नाही. दोन, हे कोणी केलं ते मला ठाऊक नाही. त्याच्या मागे तीन माणसांनी उभं राहून म्हणायचं की याची शपथ स्वच्छ आहे. गावातलं कोणी चालणार नाही, कारण हिल्डाचा पाव सगळ्यांनीच खाल्लेला, सगळेच फिर्यादी. माणसं बाहेरून आणायची.

रमणने माझ्याकडे पाहिलं. तीन माणसं. पाच वर्षांनी या देशाने पुन्हा रेफरन्सच मागितला होता.

संध्याकाळी मी गाडीत बसून फोन चालू केला. रमण खिडकीशी उभा.

"रमण, मला तुला एक सांगायचं—"

"काही सांगू नकोस," तो घाईने म्हणाला. "मला सोमवारी शपथ घ्यायची आहे. तू आधी बाळासाहेबांना लाव."

बाळासाहेबांची ओटाहुहुत डेअरी, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं दुकान. मूळचे कऱ्हाडकडचे. फोनमागे फटाक्यांचा आवाज येत होता.

"वहिनी, दिवाळीच्या शुभेच्छा! काय म्हणता?"

"बाळासाहेब, रमणवर आरोप आलाय. हिल्डाला मारल्याचा."

"अरे देवा! हिल्डा कोण?"

"पीठ."

बराच वेळ नुसते फटाके ऐकू आले. मग ते जपून म्हणाले, "वहिनी, जेवलात का काही?"

पण येतो म्हणाले. कशासाठी ते कळलं नाही तरी चालेल, रमणसाठी म्हणताय ना, मग येतो. सोबत शकुताई, आणि त्यांच्या आउटहाउसमध्ये राहणारा धैर्यशील, इथे शिकायला येऊन इथलाच झालेला. मी रस्ता सांगितला, फाटकाची खूण सांगितली. एक गोष्ट सांगायची राहिली.

ती अशी, की सॅक्सन कायद्याप्रमाणे परक्या माणसाने वाट सोडून रानातून यायचं झालं, तर ओरडत यायचं किंवा शिंग फुंकत यायचं. गुपचूप आला तर तो चोर.

सोमवारी सकाळी बाळासाहेबांनी फाटक चुकवलं, गाडी लांब लावली, आणि तिघंही कुंपण ओलांडून कुरणातून निघाले. बाळासाहेब नव्या झब्ब्यात, शकुताई पैठणी आणि स्पोर्ट्स शूजमध्ये, दोन्ही हातांत फराळाचे डबे, मागे धैर्यशील रबरी जँडल्स फटफटवत. आणि मेंढ्या बिचकतील म्हणून शकुताईने सगळ्यांना दम दिलेला, हूं की चूं करायचं नाही.

झुडपांतून सहा सॅक्सन भाले रोखून उभे राहिले. "चोर! चोर!"

शकुताईने डबे डोक्यावर धरले. धैर्यशील "सॉरी, सॉरी" म्हणत दोन्ही हात वर करून उभा. बाळासाहेब मात्र पेटले. "चोर? मला? सतरा वर्षं डेअरी चालवतोय, एक दिवस शिळं दूध विकलं नाही!"

तिघांना रांगेने गावात आणलं. हेमीने मोठ्या अदबीने कायदा समजावून सांगितला. शिंग का फुंकलं नाही?

"हॉर्न ना?" बाळासाहेब म्हणाले. "गाडी लावताना दोनदा वाजवला! विचारा हिला!"

हेमीने पुस्तक उघडलं, पानं चाळली, दाढी खाजवली. शिंग कशाचं असावं याबद्दल पुस्तक गप्प होतं. "निर्दोष!" तो ओरडला, आणि सहाही भालेवाले इतके खूश झाले की त्यांनी बाळासाहेबांना पाठीवर थापा मारून मारून हैराण केलं. दोन दिवसांत दोन खरे खटले! चिवड्यात शेंगदाणे निघाले म्हणून ग्लेनिसने डबा जप्त केला, शेंगदाणा अमेरिकेचा. जप्त माल तपासायला म्हणून हेमी तंबूमागे घेऊन गेला आणि तळ दिसेपर्यंत तपासत बसला.

आता वाक्य पाठ करायचं होतं. रमणने ते मराठीत करून दिलं, हेमीने मराठी चालेल म्हणून सांगितलं होतं. "रमणची शपथ स्वच्छ आहे, तिच्यात खोट नाही." अट एकच, याच्या पुढे एक शब्द वाढला तरी शपथ मोडली.

"सोपं आहे," बाळासाहेब म्हणाले. छाती काढून उभे राहिले. "रमणची शपथ स्वच्छ आहे, तिच्यात खोट नाही, पण माणूस फोन उचलत नाही."

"बाळासाहेब, पण नको."

"बरं. रमणची शपथ स्वच्छ आहे, तिच्यात खोट नाही. तशी."

शकुताई उठली. "रमणभाऊंची शपथ स्वच्छ आहे, तिच्यात खोट नाही, पण दिवाळीला घर बंद ठेवायला नको होतं."

धैर्यशीलने तर कहर केला. "रमणदादाची शपथ स्वच्छ आहे, तिच्यात खोट नाही, आय मीन, माझ्या माहितीप्रमाणे."

दोन तास हे चाललं. आपल्या माणसाला 'पण' न लावता चांगलं म्हणायला त्यांची जीभच वळेना! हसून हसून माझं पोट दुखत होतं, आणि मध्येच आठवत होतं की मडकं मी घासलंय, आणि मग आणखीच हसू येत होतं. रमण कपाळाला हात लावून बसला होता.

दुपारी सभा भरली. सगळं गाव बाकांवर. मधल्या टेबलावर पुरावा म्हणून ते मडकं, जसं सापडलं तसं उपडं, काडीसकट. ट्रेव्हरने आरोप केला. मग रमण उभा राहिला, त्याच्या मागे बाळासाहेब, शकुताई, धैर्यशील, ओठ हलवत मनात वाक्य घोकणारे.

"हिल्डाला माझ्या हातून काही झालं नाही," रमण म्हणाला. खणखणीत.

"दुसरं वाक्य," हेमी म्हणाला.

रमणने मडक्याकडे पाहिलं. मडक्याकडे नाही, त्या काडीकडे. बारा वर्षं माझ्या ओट्यावर उपड्या भांड्यांखाली काड्या, चमचे, पेन्सिली बघत आलेला माणूस तो. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला शनिवारपासून ठाऊक होतं! बादल्या हातात असताना जमिनीवर ही काडी दिसली असणार, तेव्हापासून ठाऊक होतं. गाडीपाशी मला बोलू दिलं नाही ते त्यासाठी. मी तोंडाने सांगितलं नाही म्हणजे मला ठाऊक नाही, अशी पळवाट त्याने दोन दिवस धरून ठेवली होती, आणि आता ती त्याच्याच तोंडून निघत नव्हती.

एक वाक्य. म्हटलं असतं तर मागच्या तिघांनी आपलं म्हटलं असतं, आणि संध्याकाळी ट्रेव्हर उठला असता. कुणाला कधी कळलंही नसतं.

"हेमी," रमण म्हणाला, "दुसरं वाक्य मला म्हणता येणार नाही."

एकच गलका झाला. ट्रेव्हरचा चेहरा पडला, खरंच पडला. त्याला रमण आवडत होता. आणि मग मी आपोआप उभी राहिले.

"मी केलं," मी म्हणाले. "मीच. मला ती शिळी पेज वाटली. वास येत होता. मी ओतली आणि घासलं. राखेने आणि वाळूने. चार पाण्यांनी. शनिवारीच सांगायला हवं होतं, मी घाबरले. यात रमणचा काही दोष नाही. सॉरी ट्रेव्हर. मला फार वाईट वाटतंय."

मागून एक म्हातारा कौतुकाने पुटपुटला, "राख आणि वाळू. अगदी त्या काळची पद्धत." त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

हेमीने जड आवाजात निकाल दिला. शपथ पुरी झाली नाही, म्हणजे आरोप राहिला. रीत ती रीत. रमण मान खाली घालून बसायला निघाला.

"थांबा!" बाळासाहेब. "दुकान बंद करून आलोय. माझं म्हणणं बाकी आहे." कोणी अडवायच्या आत त्यांनी झब्बा खाली ओढला आणि म्हणाले, "रमणची शपथ स्वच्छ आहे, तिच्यात खोट नाही." आणि तोंड गच्च मिटून घेतलं. पुढचं सगळं त्यांनी गिळलं, कानापर्यंत लाल झाले, पण गिळलं.

"अर्धीच शपथ आहे, सर," हेमी म्हणाला.

"म्हणूनच स्वच्छ आहे," बाळासाहेब इंग्रजीत म्हणाले.

तोवर शकुताई धैर्यशीलच्या दंडाला हिसडे देत होती. "विचार त्यांना. ही दोघं इथे पाहुणी ना? पाहुण्याच्या हातून कप फुटला तर आपण पाहुण्यावर केस करतो का? काय माणसं तरी!"

धैर्यशीलने जमेल तसं भाषांतर केलं. हेमी काही बोलणार होता, थबकला. पुस्तक उघडलं. एक पान, दुसरं पान. आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"नियम आहे," तो म्हणाला. "दोन रात्री पाहुणा, तिसऱ्या रात्री घरचा. पाहुण्याने काही केलं तर उत्तर यजमानाने द्यायचं. ही कोणाची पाहुणी?"

ग्लेनिसने वही पाहिली. "ट्रेव्हरची."

"शनिवार सकाळपर्यंत किती रात्री झाल्या होत्या?"

"एक."

"म्हणजे हिल्डाच्या हत्येचं उत्तर द्यायचं ट्रेव्हरने. कोणाला? हिल्डाच्या मालकाला. मालक कोण?"

"ट्रेव्हर!" अख्खं गाव एका आवाजात ओरडलं. बाकं थरथरली. एक जण हसता हसता मागे पडला. फिर्यादी ट्रेव्हर, आरोपी ट्रेव्हर! हेमीला बोलवेना, त्याने हाताने थांबा थांबा केलं आणि डोळे पुसत म्हणाला, "अजून आहे. काल तिसरी रात्र झाली. आता ही दोघं पाहुणी नाहीत. नियमाप्रमाणे ट्रेव्हरच्या घरची माणसं आहेत."

सगळे हसत होते. शकुताईला निम्मंच कळलं होतं, तरी ती सगळ्यांत जास्त हसत होती. फक्त दोघं हसत नव्हते. ट्रेव्हर आणि रमण.

ट्रेव्हर मडक्याकडे पाहत होता. मग उठला. हसू हळूहळू थांबलं.

"अकरा वर्षं मी तिला भरवलं," तो म्हणाला. "पीठ आणि पाणी होतं ते. पुन्हा लावता येतं." मग रमणकडे वळला. "तू ते दुसरं वाक्य म्हणाला असतास तर मी आज उठलो असतो, मेट. आणि तुला कधीच ओळखलं नसतं." त्याने घसा खाकरला. "या माणसासाठी मी जबाबदार."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी पुसलंही नाही.

रमण तसाच उभा. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सॉरी, ट्रेव्हर. परत एकदा म्हणशील?"

त्याला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं. तिथल्या सगळ्यांना आलं होतं, लांबच्या मेंढ्यांनाही. पण ट्रेव्हरने परत म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. तो बसायच्या आत ग्लेनिस उठली आणि तेच म्हणाली. मग हेमी. मग राखेचं कौतुक करणारा म्हातारा, मग त्याची बायको. रीतीला एकच माणूस पुरे होता, पण एकेक जण उठत गेला, या माणसासाठी मी जबाबदार, या माणसासाठी मी जबाबदार. रमण मान खाली घालून एकतीसच्या एकतीस जणांचं ऐकत उभा राहिला, आणि त्याला बस म्हणून कोणी घाई केली नाही.